बेचाळिसावा चाकू

३ एप्रिल, सकाळी ८. उणे बावीस. वारा.

आजपासून रोजनिशी नियमित. मागच्या वर्षीची दोन पानं फाडून टाकली, त्यांत तथ्य नव्हतं.

ईमेल आली! दक्षिणेतल्या मोठ्या म्युझियमच्या बाई सव्वीस तारखेच्या विमानाने माझा संग्रह बघायला येणार आहेत. माझा. या पीटलूसीचा. ज्याला उत्तरेच्या बर्फातलं हे गाव तीस वर्षं 'चाकूवाला' म्हणून हसतंय, त्याचा. आता बघतो कोण हसतं ते.

संग्रहाची स्थिती: जुने चाकू एक्केचाळीस. सगळ्यांच्या मुठी कॅरिबू हरणाच्या शिंगाच्या, कोरलेल्या. तेवीस चाकूंना मूळची म्यानं, तीही शिंगाचीच. सगळा माल काचेच्या कपाटात. कपाट आहे तिथे पूर्वी ऊलीपीकाचं शिवणाचं मशीन होतं. ते आता बाथरूममध्ये असतं. बाथरूममध्ये बसून फरचा जाड पार्का शिवता येत नाही असं बायकोचं म्हणणं. शिवता येतो. मनाची तयारी लागते.

कपाटाचे नियम: हात लावायचा नाही. काचेवर श्वास सोडायचा नाही. 'याने काय कापतात?' असं विचारणाऱ्याला तत्काळ घराबाहेर काढायचं. या गावाला चाकू म्हणजे मांस कापायचं हत्यार. एवढीच यांची झेप.

म्युझियमला स्वतःची माहिती कळवली. वय अठ्ठावन्न. घराणं शिकाऱ्यांचं. वरच्या ओठावर अस्वलाशी झालेल्या झटापटीचा व्रण, सध्या मिशीखाली. मिशीचा फोटो जोडला. गावात एवढी मिशी कोणालाच नाही. विरळ आहे म्हणणारे जळतात.

चाकूंचा आकडा बेचाळीस कळवला. बेचाळिसावा अजून यायचाय. तो माझाच आहे, फक्त सध्या दुसऱ्याच्या कमरेला लटकतोय.

४ एप्रिल

बेचाळिसावा म्हणजे बाबांचा चाकू. पातं जुन्या करवतीचं, बाबांनी स्वतः घासून काढलेलं. मुठीवर एक सील बर्फातल्या भोकाशी डोकं काढून बसलाय. म्यानावर नऊ कुत्री गाडी ओढताहेत. आठ पुढे बघतात, एक मागे वळून. तो मागे का बघतो असं मी लहानपणी विचारलं होतं. मागे कोण राहिलं ते बघतो, असं बाबा म्हणाले होते.

हा चाकू बाबांनी मला देऊ केला होता. स्पष्ट शब्दांत. "तुझाच आहे," म्हणाले होते. पुढे काहीतरी अट होती. आठवत नाही, म्हणजे महत्त्वाची नसणार.

चाकू आहे लीटियाकडे. दुकानात गल्ल्यावर बसते ती. वय तीस.

इतिहास लिहून ठेवतो, म्हणजे अन्याय उघडा दिसेल. बाबा नोव्हेंबरमध्ये गेले. जानेवारीत शेजारच्या घरी मुलगी झाली. आई बघायला गेली. पोरीने जांभई दिली. आई म्हणाली, "आलात का? किती उशीर केलात!" झालं. पोरीला बाबांचं नाव मिळालं: कूनू. आमच्यात नाव परत आलं म्हणजे माणूस परत आला, हे मला मान्य आहे. मी काही नास्तिक नाही. माझा आक्षेप निवडीला आहे. एवढी घरं सोडून बाबा नेमके त्या घरात कसे येतील? ते लोक फ्रीजरचं झाकणसुद्धा नीट लावत नाहीत.

तेव्हापासून आई तिला 'अहो' म्हणते. ऊलीपीका 'मामंजी' म्हणते आणि ती घरात आली की आवाज खाली आणते. माझ्यासमोर आवाज खाली आणल्याचं मला एकदाही आठवत नाही. आणि पोरगी चालायला लागली त्या दिवशी आईने बाबांचा चाकू काढून तिच्या कमरेला बांधला. मी तेव्हा वेल्डिंगच्या कोर्ससाठी बाहेरगावी होतो. सगळं माझ्या पाठीमागे.

मी तिला लीटिया म्हणतो. बाप्तिस्म्याचं नाव आहे, कागदोपत्री आहे. तीस वर्षांत तोंडातून 'बाबा' निघालेलं नाही, निघणार नाही.

आज दुकानात गेलो होतो. आठ माणसं रांगेत. ती तिकडून ओरडली, "काय रे पोरा, टोपी कुठाय?" अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाला! टोपी विसरलो होतो हे खरं, पण तो मुद्दाच नाही.

८ एप्रिल

मोहीम पहिली. आईकडे गेलो. चौऱ्याऐंशी वर्षांची बाई सीलचं कातडं खरवडत बसली होती. मान वर केली नाही. मी म्हटलं बाबांचा चाकू हवाय. म्हणाली, त्यांच्याकडे आहे, त्यांना विचार. मी म्हटलं तू दिलास, तू परत आण. म्हणाली, "मी कोण देणार? ज्याचा होता त्याला दिला." मग म्युझियमचं महत्त्व समजावून सांगितलं. काच, कुलूप, दिवा, शेजारी नावाची पट्टी. बराच वेळ ऐकलं आणि म्हणाली, "काचेत कशाला ठेवायचा? आजारी आहे का तो?"

या बाईच्या पोटी मी कसा जन्मलो, कळत नाही.

११ एप्रिल

मोहीम दुसरी. अदलाबदल. कॅटलॉगमधून मागवलेला सहा सुऱ्यांचा नवाकोरा संच दुकानात नेला. चकचकीत स्टील, लाकडी स्टँडसकट. गल्ल्यावर ठेवला आणि सभ्य भाषेत सांगितलं: हे घे, तो दे.

लीटियाने सहाही सुऱ्या अंगठ्यावर तपासल्या. म्हणाली, "सहा? मला तोंड एकच आहे." रांग हसली. रांगेला काय, काहीही चालतं. मग म्हणाली, "पोरा, एवढं कशाला? बाबा म्हणून माग, आत्ता देते."

मी म्हटलं, लीटिया, मला माझी पायरी कळते. ती म्हणाली बरं, आणि बिस्किटांचं खोकं पुढे ओढून त्यावरची चिकटपट्टी कापली. कशाने? त्या चाकूने! बाबांच्या! माझ्या डोळ्यांदेखत! नऊ कुत्र्यांचं म्यान बिस्किटांवर पडलेलं होतं. मागे बघणारा माझ्याकडे बघत होता.

संच घरी आणला. ऊलीपीकाला आवडला. त्यातल्याच एका सुरीने तिने रात्री माझं मांस बारीक कापून बशीत दिलं. गेली कित्येक वर्षं तीच कापून देते. संग्राहकाला हात जपावे लागतात.

१३ एप्रिल, दुपार

आता सभ्यपणा पुरे. दुपारच्या गावच्या रेडिओवर फोन केला. हवेत एकदा गेलं की शंभर घरांत ऐकू जातं. नाव न घेता बोललो. म्हटलं, गावातली एक व्यक्ती आपल्या पूर्वजांच्या कलेने खोकी फोडते. गावाने लाज बाळगावी. पाच मिनिटं बोललो. भाषण उत्तम झालं.

नंतर लोकांचे फोन. पहिल्याने विचारलं, माझा स्टोव्ह कोणी नेलाय का. (हा माणूस रोज हेच विचारतो.) दुसरी एक म्हातारी. म्हणाली, मला मुलगा नाही, नवरा नाही, पण कूनूच्या त्या चाकूने कापलेलं मांस हिवाळाभर माझ्या घरी आलं. पीटलूसीच्या कपाटातून अजून काही आलेलं नाही. नाव न घेता बोलण्याची साधी रीत या लोकांना नाही. पुढचे चार फोनही त्याच सुरात. सगळे सामील आहेत.

शेवटचा फोन आईचा. "अहो कूनू, ऐकताय ना? पोराचं मनावर घेऊ नका. पहिल्यापासून असाच आहे." मग मला उद्देशून, साऱ्या गावाला ऐकू जाईल असं: "आणि तू, घरी जाताना टोपी घाल."

मी घरातूनच फोन केला होता.

१७ एप्रिल

म्हातारा जायको आला. गावातला सगळ्यात जुना कोरीव कामवाला. बोलावलं नव्हतं. मी वस्तूंची यादी करत होतो: क्रमांक सतरा, वालरस कोरलेली मूठ, अतिशय प्राचीन, रंगावरून निदान शंभर वर्षं. जायको कपाटासमोर उभा राहून हसायला लागला. म्हणाला, हा तर मी परवाच्या हिवाळ्यात केलेला. काळ्या चहात तीन दिवस भिजवला होता.

बिचारा. वयामुळे होतं असं. काळजी वाटली. क्रमांक सतरापुढे 'चहासारखी सुंदर छटा' असं लिहिलं.

जाताना म्हणतो, "ओठ काय म्हणतोय रे तुझा? मिशी बरी वाढवलीस, दिसत नाही काही." मी म्हटलं कुत्रा चावला होता. तो म्हणाला, हो हो, कुत्राच. आणि पायऱ्या उतरेपर्यंत हसत होता. जायकोला यापुढे घरात घ्यायचं नाही.

२१ एप्रिल

पाच दिवस उरले. आकडा अजून एक्केचाळीस. बाईंना बेचाळीस सांगून बसलोय.

बाथरूमच्या आरशासमोर फक्त प्रयोग म्हणून तो शब्द म्हणून बघितला. पहिलं अक्षर आलं. पुढे खोकला आला. थंडीचा परिणाम. मागे शिवणाच्या मशीनवर ऊलीपीका बसली होती, ते लक्षात नव्हतं. म्हणाली, "म्हणा की एकदा. जीभ झडणार आहे का?"

मी तिला समजावलं की प्रश्न तत्त्वाचा आहे. ती म्हणाली, "तत्त्व नाही हो. ते गेले तेव्हा तुम्ही रडला नाहीत, आणि आता ते परत आलेत तर तोंड फुगवून बसलात." मग मशीन जोरात चालवलं, म्हणजे मला उत्तर देता येऊ नये. उत्तर होतं माझ्याकडे. आत्ता आठवत नाही.

२६ एप्रिल

सकाळी नवापासून विमानतळावर. नवा पार्का, मिशीला तेल. धुकं. साडेअकराला विमानाचा आवाज. सगळे बाहेर. विमान ढगातून एकदा दिसलं, गावावरून एक फेरी मारली, आणि परत गेलं.

परत गेलं!

पायलट लोकांना हल्ली काही येत नाही. दोन वाजता बाईंची ईमेल: वाईट वाटलं, यंदा जमेलसं नाही, पुढच्या वर्षी बघू, मिशीचा फोटो आवडला.

माझी स्नोमोबाईल सुरूच होईना. ती माझ्यावर जळते. सगळे निघून गेले. अर्ध्या तासाने लीटिया आली, कोणी सांगितलं कोण जाणे. थर्मास पुढे केला. म्हणाली, "बस मागे. असा उभा राहिलास तर कडक होशील." म्युझियमबद्दल एक शब्द नाही. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं, मला उत्तर देता आलं असतं.

तिच्या मागे बसून आलो. चाकू तिच्या कमरेला, म्यान वाटभर माझ्या गुडघ्याला लागत होतं. लहानपणी कुत्र्यांच्या गाडीवर बाबांच्या मागे असाच बसायचो. तेव्हाही ते गुडघ्याला लागायचं.

चहा कोमट होता.

२९ एप्रिल

म्युझियमचा विषय संपला. तरीही चाकू हवा. कारण शुद्ध अभ्यासाचं. मालिका पूर्ण व्हायला हवी, बाकी भावना वगैरे काही नाही.

दोन तारखेला मोठ्या हॉलमध्ये वसंताचं गावजेवण. सगळा गाव असेल. निर्णय झाला: तिथे जाऊन मागणार. गरज पडली तर तो शब्दही वापरणार. एकदाच. तोंडातून काढायचा, चाकू घ्यायचा, घरी यायचं. एकूण वेळ दोन मिनिटं. कपाटात बेचाळिसाव्याची जागा पुसून ठेवली. दिवा बसवला.

२ मे, दुपारी १२

निघतोय. इतिहासात नोंद व्हावी म्हणून वेळ लिहिली.

३ मे

बोलता येत नाही. लिहिता येतं. सगळं जसं घडलं तसं लिहितो. कारण दवाखान्यात जे बसले होते ते आपापल्या पद्धतीने गावभर सांगत सुटलेत.

हॉलमध्ये जमिनीवर पुठ्ठे पसरलेले. त्यावर गोठलेलं कॅरिबू, सील, मासे. तीनशे माणसं मांडी घालून खात होती. बायका आपापल्या अर्धगोल पात्याच्या उलूने, पुरुष चाकूने. लीटिया पुरुषांत बसली होती, बाबांच्या चाकूने खात. मी तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो. तयार केलेलं भाषण आठवेना. म्हटलं, "बाबा, तो चाकू मला द्या ना."

'ना' लावायचं नव्हतं. लागलं.

आजूबाजूचे खायचे थांबले. आईने उलू खाली ठेवली. मला वाटलं आता लीटिया हसणार, तीस वर्षांचं उट्टं काढणार. तिने पातं विजारीला पुसलं, मूठ माझ्याकडे केली आणि म्हणाली, "घे. बस. जेव."

मी म्हटलं घरी नेतो. ती म्हणाली, आधी जेव. आणि कॅरिबूचा एक लांब तुकडा माझ्या हातात दिला.

बसलो. सगळे बघत होते. आता यात अवघड काही नाही. मांसाचं एक टोक दातात धरायचं, दुसरं हाताने ताणायचं, आणि ओठांसमोर पातं खालून वर ओढायचं. इथली चार वर्षांची पोरं करतात. मी एक्केचाळीस चाकूंचा मालक. पातं ओढलं.

धार फार होती. एवढी धार लावायची काय गरज?

रक्त पुठ्ठ्यावर पडलं. मग आईचा आवाज: "पुन्हा तिथेच!" आणि तीनशे माणसं हसली. जायको तर आडवाच झाला.

चाकू देणारी ती मात्र हसली नाही. तिने माझ्या हातातून चाकू काढून घेतला, आपली बाही माझ्या ओठावर दाबून धरली आणि तशीच दवाखान्यात नेलं. नर्स नवीन, दक्षिणेतली. टाके घालायला मिशी काढावी लागेल म्हणाली. अर्धी काढली. मग विचारलं, उरलेली अर्धी ठेवायची आहे का? पाच टाके. नंतर तिने ओठ निरखून बघितला. म्हणाली, इथे जुना व्रण आहे, अगदी त्याच रेषेत, हा कशाचा? बाहेरच्या बाकावरून आई ओरडली, "आठ वर्षांचा होता! याच चाकूने! मोठ्या माणसांसारखं खायचं होतं त्याला!" बाकावर आणखी अकरा माणसं होती.

नोंदीत दुरुस्ती: अस्वल नव्हतं. कुत्राही नव्हता.

नर्स हात धुवायला गेली. जिने मला आणलं होतं तिने चाकू पुसला, म्यानात घातला, पुन्हा आपल्या कमरेला बांधला. म्हणाली, "तुझाच आहे रे. वापरता आला की घेऊन जा."

अट ही होती.

तंबूत. बाबांची बाही माझ्या ओठावर. हेच शब्द, याच क्रमाने. त्यानंतर मी त्यांच्यासमोर चाकू हातात धरलाच नाही, पन्नास वर्षं झाली. त्यांनी पुन्हा कधी म्हटलं नाही, आणि मीही मागितला नाही. वाट बघत होते का?

आईनेच तिला सांगून ठेवलं असणार. आईला कागदावर लिहून विचारलं. ती म्हणाली, "मी कशाला सांगू? ते तिथेच होते ना."

१२ मे

टाके निघाले. मिशी नाही. आरशात बघायचं बंद केलं, त्यामुळे बाथरूमची गरज कमी. शिवणाचं मशीन परत खोलीत आलं. तात्पुरतं.

काल दुकान सुटल्यावर कपाटासमोर पुठ्ठा पसरला गेला. गोठलेल्या मांसाचा तुकडा आणि एक छोटा चाकू. दुकानात लहान पोरांसाठी ठेवतात तो. "यावर शिक. रोज चारला येईन." पाऊण तासात चार घास झाले. कोपर खाली, कोपर खाली, असं सतरा वेळा ऐकून घेतलं. दारातून ऊलीपीका बघत होती. आवाज खाली होता तिचा.

यादीत भर: क्रमांक बेचाळीस. मूठ लाल प्लॅस्टिकची. म्यान नाही. कोरीव काम नाही. काळ चालू. अवस्था बोथट. धार लावायला सक्त मनाई आहे.

१३ मे, दुपारी ४.२०

मांस काढून ठेवलंय. पुठ्ठा पसरलाय. उगाच बोलणी नकोत म्हणून घरातही टोपी घालून बसलोय.

दुकान चारला बंद होतं. बाबा अजून आले नाहीत.